ऊन पाण्याची कुंडं, काळा कातळ : कोकणातले तुमचे अनुभव सांगा

पौषात आईला घेऊन दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याला जाऊन आले. पहाटे कुंडावर वाफेचा पडदा होता, पाण्याला गंधकाचा वास. शेजारची बाई लेकाला सांगत होती, "खाली ज्वालामुखी आहे, म्हणून पाणी तापतं." अगदी मनापासून सांगत होती, म्हणून तिथे बोलले नाही, पण इथे लिहिते. आपला कातळ लाव्हाचाच, पण तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच निवला. आजचं पाणी तापतं ते वेगळ्या कारणाने. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल उतरतं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढते, आणि तेच पाणी दुसऱ्या भेगेतून वर येतं. म्हणूनच पालघरपासून राजापूरपर्यंत ही कुंडं किनाऱ्याला धरून ओळीने सापडतात. उन्हवऱ्याचं पाणी उगमाशी ७० अंशांच्या आसपास असतं, तिथे बोटसुद्धा घालू नका. तुम्ही कुठे कुठे गेलात?

—

माझं माहेर तुरळजवळ, संगमेश्वर तालुक्यात. आमच्याकडे कुंड म्हणजे सहलीची जागा नव्हतीच. आषाढात लावणी करून आजीच्या पायांच्या बोटांत चिखल्या व्हायच्या. संध्याकाळी ती कुंडाच्या पन्हाळीशी बसायची, आधी टाचा, मग हळूहळू बोटं पाण्यात. "अगो, जरा दम धर, पाय मेले ते जिवंत होतायत," म्हणायची. चिखल्या बऱ्या व्हायच्या की नाही, ते छातीठोक सांगता येत नाही. पण रात्री तिला झोप लागायची, हे मी पाहिलंय. आता तिथे साबणाची पाकिटं पडलेली दिसतात, जीव तुटतो. कृपा करून साबण नेऊ नका.

—

एक सावधगिरीची गोष्ट. आमच्या काकांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. एका कुंडात ते अर्धा तास बसले, उठताच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि शेवाळलेल्या पायरीवरून घसरले. कपाळाला चार टाके पडले. पाच-दहा मिनिटांत बाहेर या, सोबत कुणीतरी असू द्या, पाणी प्या.

—

मी डोंगर चढणारा, कुंडांपेक्षा कातळाचाच नाद. खेडजवळ रसाळगड–सुमारगड–महिपतगड केलंत तर वाटेतला कडा नीट बघा. लाव्हाचा एक थर, त्यावर दुसरा, अशा पायऱ्या. अशाच कड्यांत दोन थरांच्या मधे कधी विटकरी मातीचा पट्टा दिसतो. एक लोट थंड झाला, वर माती तयार झाली, तिच्यावर पुढचा लोट आला आणि ती भाजून निघाली. म्हणजे दोन लोटांच्या मधे माती धरण्याइतका काळ गेला! थराच्या वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात, काहींत पांढरे स्फटिक. नखाएवढ्या पोकळीत सुयांसारखे उभे, उन्हात चमकतात. ते ठोकून काढू नका, पुढच्यालाही दिसू देत. आणि सुमारगडाच्या चढाला वाटाड्या घ्याच.

—

राजापूरला दोन्ही बघून या. उन्हाळे गावचं कुंड बारमाही कोमट-गरम. राजापूरची गंगा, म्हणजे तिथला झरा, मात्र थंड पाण्याची, तीही आपल्या मनाने प्रकट होते आणि जाते. माझे वडील गंगा आली कळलं की भर दुपारी सायकल काढायचे. मी तीनदा गेलो, दोनदा कोरडी कुंडं बघून परतलो. तिसऱ्यांदा पाणी होतं, तेव्हा वडील नव्हते. बाटली भरून घरी आणली.