राणीचा मुकुट आणि हातभर तिकिटे

खाडीपार

गेल्या महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोतील समलैंगिकांच्या एका बारमध्ये मी वीस डॉलरला सोडतीची हातभर तिकिटे घेतली. हातभर हा येथे अलंकार नाही. विकणारा तिकिटांच्या पट्टीचे एक टोक स्वतःच्या खांद्याशी धरतो, हात ताठ करून बोटांपर्यंत पट्टी सोडतो आणि तेथे फाडून देतो, म्हणून ज्याचा हात लांब त्याच्याकडून तिकीट घेण्यात शहाणपण असते. त्या रात्री तिकिटे विकणारी ‘सम्राज्ञी’ चांगली सहा फुटी होती, खांदे पहिलवानाचे, अंगात मोरपंखी झगा आणि डोक्यावर मुकुट. त्यामुळे मला तिकिटे भरपूर मिळाली, बक्षीस मात्र लागले नाही. कार्यक्रम संपल्यावर तिने उंच टाचांचे जोडे काढून खुर्चीखाली सारले आणि बादलीत जमलेल्या एकेक डॉलरच्या चुरगळलेल्या नोटा मांडीवर सरळ करत मोजायला घेतल्या. शेजारच्या दोघांनी तीच रक्कम पुन्हा मोजून कागदावर सह्या केल्या. हा पैसा आजारी माणसांना घरपोच जेवण देणाऱ्या एका संस्थेला जाणार होता.

मुकुट घालून निधी गोळा करणाऱ्या ‘सम्राज्ञी’ची ही प्रथा होसे सारिया यांच्यापासून सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असलेले सारिया पुढे ‘ब्लॅक कॅट’ नावाच्या बारमध्ये स्त्रीवेषात ऑपेराची विडंबने सादर करत. फसवण्याच्या हेतूने स्त्रीवेष घेतल्याचा ठपका ठेवून पोलीस माणसे उचलून नेत, असा तो काळ होता. सारियांनी त्यावर काढलेली तोड मला फार आवडते: त्यांनी आपल्या मंडळींना ‘मी मुलगा आहे’ असे लिहिलेल्या चिठ्ठ्या कपड्यांवर लावायला दिल्या, म्हणजे फसवणुकीचा प्रश्नच उरला नाही. १९६१ मध्ये ते शहराच्या प्रतिनिधीमंडळाच्या निवडणुकीला उभे राहिले. आपली समलैंगिकता न लपवता सार्वजनिक पदासाठी उभे राहिलेले ते अमेरिकेतील पहिले उमेदवार मानले जातात. ते हरले, पण साडेपाच हजारांवर मते घेऊन. १९६५ मध्ये बारमालकांच्या संघटनेने एका नृत्यसमारंभात त्यांना ‘राणी’ घोषित केले, तेव्हा राणी तर मी आहेच, असे म्हणत त्यांनी स्वतःला सम्राज्ञी जाहीर केले आणि तेही ‘नॉर्टनची विधवा’ म्हणून. जोशुआ नॉर्टन हा दिवाळखोर व्यापारी १८५९ मध्ये स्वतःला अमेरिकेचा सम्राट म्हणवू लागला होता आणि शहराने त्याचा हा हट्ट कौतुकाने चालवून घेतला होता. २०१३ मध्ये सारिया वारले आणि त्यांचे दफन कोल्मा येथे त्याच नॉर्टनच्या सान्निध्यात झाले.

त्या थट्टेतून उभी राहिलेली ‘दरबारां’ची पद्धत आज अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतील अनेक शहरांत आहे. सॅन फ्रान्सिस्कोत सम्राट व सम्राज्ञी मतदानाने निवडले जातात आणि वर्षभर त्यांनी निधी गोळा करायचा असतो.

माझे म्हणणे असे की नेहमीच्या सौंदर्यस्पर्धेत समाजसेवा ही उत्तराच्या फेरीपुरती असते, तर येथे मुकुट ही एक वर्षाची नोकरी आहे, तीही बिनपगारी. भारतात २०१४ मध्ये ‘मिस्टर गे इंडिया’ ठरलेले सुशांत दिवगीकर रोमला जागतिक स्पर्धेसाठी गेले. पण जिल्ह्याच्या गावी भरणारी आणि तेथल्याच गरजेसाठी पैसा उभा करणारी स्पर्धा महाराष्ट्रात रुजावी, असे मला वाटते. घरातून काढून दिलेल्या मुलांच्या निवाऱ्यासाठीच समजा. केंद्राची ‘गरिमा गृहे’ पारलिंगी व्यक्तींसाठी आहेत, घराबाहेर काढलेला समलिंगी मुलगा त्यांच्या व्याख्येत बसत नाही. तुम्हाला काय वाटते?

सरळमार्गी

(सदस्यनाम या धाग्याच्या फार आधीचे आहे, कृपया त्यात अर्थ शोधू नयेत.) समलैंगिक संबंध गुन्हा नाही, या सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर माझ्यापुरता कायद्याचा प्रश्न संपला आहे आणि कोणी कोणावर प्रेम करावे, याविषयी माझी तक्रार नाही. माझा आक्षेप तमाशाला आहे. या हाताचे दान त्या हाताला कळू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आणि येथे तर दान देण्यासाठी मोरपंखी झगा लागतो. ज्या बापाने मुलाला घराबाहेर काढले, तो हा मुकुट पाहून त्याला परत घेईल, असे धागाकर्त्यांना खरोखर वाटते का? उलट ‘बघा, हे असेच असतात’ म्हणायला त्याला एक छायाचित्र मिळेल.

नेपथ्य

सरळमार्गी, महाराष्ट्राला हा तमाशा नवा नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. भामिनीच्या शालूत बालगंधर्व आणि धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले, म्हणजे एकमेकांशी स्पर्धा असलेल्या दोन नाटक मंडळ्या एका रंगमंचावर. तो प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी होता. पुरुषाने शालू नेसून राष्ट्रकार्यासाठी पैसा उभा केला, तेव्हा ‘या हाताचे त्या हाताला’ कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. उलट लोक आजही त्या रात्रीच्या कथा सांगतात.

आणि त्या बादलीतील नोटांबद्दल. आपल्या फडावर त्याला दौलतजादा म्हणतात. पैसे देणाऱ्याचे नाव घेऊन, त्याची फर्माईश पुकारून ती रक्कम स्वीकारली जाते, म्हणजे देणाऱ्यालाही मिरवायचे असतेच. धागाकर्त्यांनी सांगितलेल्या प्रथेत फरक इतकाच की पैसा फडाला न जाता तिसऱ्याच कोणाला जातो.

सरळमार्गी

बालगंधर्वांचे उदाहरण तुमच्या बाजूचे नाही, माझ्या बाजूचे आहे. रंग उतरला की ते नारायणराव होते आणि प्रेक्षकांचे त्यांच्या खासगी आयुष्याशी देणेघेणे नव्हते. ती भूमिका होती. येथे रंग उतरल्यावर जे उरते, त्याचीच जाहिरात करायची आहे.

पावतीपुस्तक

झगा नेसावा की नेसू नये, या वादात मला रस नाही. मी हिशेब तपासणीचे काम करतो आणि माझा विरोध कोरडा आहे. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या मदतनिधीसाठी झालेल्या गाण्याच्या कार्यक्रमाचे कागद माझ्याकडे आले होते. (कलाकार आणि श्रोते सर्वसाधारण होते, या विषयाशी त्यांचा संबंध नव्हता.) तिकिटांचे जमले एक लाख नव्वद हजार. त्यातून सभागृहाचे भाडे, ध्वनी, प्रकाश, फलक, पाहुण्यांचा प्रवास, शाली आणि श्रीफळे वजा जाता संस्थेच्या हाती आले चौदा हजार. कोणी पैसे खाल्ले नव्हते, प्रत्येक खर्चाची पावती होती. कार्यक्रम देखणा झाला होता, एवढाच त्याचा दोष. स्पर्धा म्हटली की यात पोशाख, रंगभूषा, परीक्षक आणि मुकुट यांची भर पडणार. शंभर जणांनी प्रत्येकी हजार रुपये थेट संस्थेच्या खात्यात भरले तर एक लाखच पोचतो, आणि संस्थेला तशी मान्यता असेल व देणारा जुन्या करप्रणालीत असेल, तर त्याला प्राप्तिकरात देणगीची (‘८०जी’ची) सवलतही मिळते. तिकिटाच्या पैशांवर तो मिळत नाही आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीवरही नाही.

शिवाय महाराष्ट्रात नोंदणीकृत न्यासाखेरीज अन्य कोणी धर्मादाय कामासाठी पैसा गोळा करणार असेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१सी नुसार धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते. गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तके छापणाऱ्या मंडळांनाही हे ठाऊक असते. बादली फिरवणाऱ्या उत्साही मंडळींना ठाऊक आहे का?

धागाकर्ते परदेशातून मदत पाठवण्याच्या विचारात असतील, तर तेही सांगतो. तुमचे पारपत्र भारतीय असेल आणि पैसा स्वतःचा असेल, तर बँकेमार्फत पाठवता येतो. अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल, तर ती परकीय देणगी ठरते आणि परकीय देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी संस्था तो पैसा दुसऱ्या लहान संस्थेला पुढे देऊही शकत नाही.

कृष्णाकाठ

मी समलिंगी आहे, वय ४१, सांगली जिल्ह्यात राहतो. घरी आईला माहीत आहे, बाकी कोणाला नाही. तरीही माझा या कल्पनेला विरोध आहे आणि तो सरळमार्गी यांच्या बाजूने नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

दान करून मान मिळवण्याचा हा जो मार्ग आहे, तो मला खटकतो. माझ्या गल्लीत अनेक जण कधी कोणाला पाच रुपये न देता सन्मानाने जगतात. त्यांना कोणी विचारत नाही की, तू समाजाला काय दिलेस. मी मात्र मंचावर उभे राहायचे, हसायचे, रुग्णालयाला धनादेश द्यायचा आणि मग तालुक्याच्या वर्तमानपत्राने लिहायचे की, ‘यांचेही सामाजिक भान वाखाणण्याजोगे.’ यातला ‘यांचेही’ हा शब्द मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. चांगुलपणाची पावती फाडल्यावरच आत प्रवेश मिळणार असेल, तर तो जकातनाका झाला.

दुसरे असे की मंचावर उभे कोण राहणार? ज्याची नोकरी जाणार नाही, ज्याच्या बहिणीचे लग्न ठरायचे नाही, ज्याला घरमालक ओळखत नाही, तो. म्हणजे मुंबई-पुण्यातला, बहुधा इंग्रजी बोलणारा, व्यायामशाळेत जाणारा. ज्या मुलाला घरातून काढले, त्याच्यासाठी पैसा उभा राहील, पण तो मुलगा स्वतः त्या मंचावर कधी दिसणार नाही. मुकुट एकाला, कारुण्य दुसऱ्याला, अशी ही वाटणी आहे.

स्पष्टवक्ती

माझा मुलगा पुण्यात शिकतो आणि त्याने दोन वर्षांपूर्वी आम्हाला सांगितले. त्याच्या वडिलांनी दोन महिने त्याच्याशी संभाषण बंद ठेवले होते, आता फोनवर परीक्षेचे आणि हवामानाचे बोलतात. मला या धाग्यातील मोठ्या मुद्द्यांवर मत नाही. परंतु माझ्यासारख्या बाईला जाण्यासारखी जागा कोणती, हे मला कोणीतरी सांगावे. मोर्चात मी जाणार नाही, मला गर्दीत घाबरायला होते. समुपदेशकाकडे ते येणार नाहीत. ‘निवाऱ्यासाठी मदतनिधीचा कार्यक्रम आहे, दोन तिकिटे घेतली आहेत’ असे सांगितले, तर मात्र येतील, कारण तिकिटाचे पैसे फुकट गेलेले त्यांना खपत नाहीत.

खाडीपार

पावतीपुस्तक यांचा चौदा हजारांचा हिशेब मला झोंबला आणि तो मान्य आहे. मी पाहिलेल्या कार्यक्रमात सभागृह नव्हते, परीक्षक नव्हते, पाहुणे नव्हते आणि शाली तर नव्हत्याच. बारमालकाने जागा फुकट दिली होती, कारण त्याची विक्री होणार होती. झगा ज्याचा त्याच्या पैशाचा. लोकांना राज्याभिषेकाचा थाट दिसतो, पण पैसा उभा राहतो तो वर्षभरातील अशा लहान संध्याकाळींतून. आपल्याकडे नक्कल करायची तर मुकुटाआधी त्या हातभर तिकिटांची करावी.

कृष्णाकाठ, तुमच्या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. फक्त एक सांगतो. या दरबारांनी गोळा केलेला पैसा बाहेरच्यांना खूश करण्यासाठीच होता, असे नाही. जून १९८१ मध्ये ज्या आजाराची, म्हणजे एड्सची, पहिली सरकारी नोंद झाली, त्यावर अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचे पहिले मोठे भाषण व्हायला मे १९८७ उजाडावा लागला. मधल्या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी रुग्णालयात १९८३ मध्ये स्वतंत्र कक्ष उघडला, पण घरी पडून असलेल्यांचे भाडे, जेवण, औषध आणि अनेकदा अंत्यविधी यांचा भार मित्रमंडळींवरच पडला. तेव्हा बारमध्ये फिरलेल्या बादल्या मान मिळवण्यासाठी नव्हत्या. ज्याच्यासाठी पैसा गोळा होत होता, तो अनेकदा मागच्या वर्षी त्याच बारमध्ये नाचलेला असे. तुम्ही म्हणता तो जकातनाका मुकुटामुळे उभा राहत नाही, धनादेश कोणाला दिला जातो, त्यावरून उभा राहतो.

नेपथ्य

म्हणजे रुग्णालयाला धनादेश नको, आपल्याच मुलांना निवारा हवा. हे पटते. पण तसे केले की ‘हे फक्त स्वतःसाठीच गोळा करतात’ असा प्रतिसाद येथेच येईल, याची मला खात्री आहे.

सरळमार्गी

माझ्याकडून येणार नाही. निवाऱ्यासाठी तिकीट असेल, तर मी एक घेईन. झग्याबद्दलचे मत मात्र कायम आहे.

कृष्णाकाठ

खाडीपार, घरी पडून असलेल्यांचे वाचून थोडा वेळ काही लिहवले नाही. माझा एक मित्र २००४ मध्ये गेला. आम्ही चौघांनी मिळून त्याचे खोलीभाडे भरले होते आणि त्याच्या घरच्यांना आम्ही ‘ऑफिसातले’ म्हणून सांगितले होते. त्याला निधी म्हणायचे, हे सुचलेही नव्हते.

मंचाबद्दलचा माझा आक्षेप मी मागे घेत नाही. मी मंचावर येणार नाही आणि मुकुटाला मत देणार नाही. पण असे काही मिरजेत किंवा कोल्हापुरात झालेच, तर शेवटी मागच्या खोलीत बसून नोटा मोजायला दोन माणसे लागतील, असे दिसते. तेवढे काम मी करू शकेन.

पावतीपुस्तक

मोजणीला मीही येईन, कोल्हापूर मला जवळ आहे. फक्त आधी सांगून ठेवतो, मोजणीच्या कागदावर दोघांची सही लागते आणि ती सदस्यनामाने चालत नाही, खऱ्या नावानेच करावी लागते.