पावतीपुस्तक माझ्या बॅगेत आहे, तुमच्या नाही

ट्रॉलीवाली:
काल 'निवृत्त पंख' यांनी इथे लिहिलं, "ज्यांना उडायचा कंटाळा येतो त्या युनियनच्या खुर्चीवर जाऊन बसतात. काम टाळायचा याहून सोपा मार्ग नाही." दोनच ओळी, पण खाली लाइकच्या अंगठ्यांची रांग. म्हणून हे लांबण.

मागच्या महिन्यात मी आमच्या विमान कंपनीच्या मुंबई बेसच्या केबिन क्रू युनियनची अध्यक्ष झाले. निवडणूक वगैरे रंगली असं समजू नका. आधीच्या अध्यक्षांची बदली झाली (कशी होते ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे), सचिवबाईंनी आखाती कंपनी गाठली आणि पार्ल्यातल्या हॉलवर सभा संपल्यावर खजिनदाराने माझ्या हातात एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत दोन पावतीपुस्तकं, एक शिक्का, वाळून खडक झालेलं शाईचं पॅड. सभेला साठ वडे सांगितले होते. माणसं अकरा. उरलेले वडे पहाटे पावणेतीनच्या पिकअपला ड्रायव्हर आणि दोन ज्युनियर पोरींना खायला घातले, गार.

काम टाळते म्हणे! सुनावणीला जायचं तर फ्लाइट सोडावी लागते, आणि आपल्याकडे पैसे चॉक्स ऑफ ते चॉक्स ऑन, म्हणजे विमानाच्या चाकाखालचे ठोकळे काढल्यापासून परत लावेपर्यंतचेच. सोडली फ्लाइट की भत्ता गेला. गेल्या महिन्यात माझे साडेअकरा तास गेले, ते कुणी भरून देत नाही.

का घेतलं मग? एका मुलीला १०२ ताप. सिक रिपोर्ट केला तर वरून निरोप, थर्मामीटरचा फोटो पाठव, शेजारी घड्याळ दिसलं पाहिजे. तिने पाठवला. तरी 'वारंवार आजारी' म्हणून पत्र आलंच. ते पत्र घेऊन ती कोणाकडे जाणार होती? पूर्वी लग्न केलं, मूल झालं की घरी बसवायचे. युनियनने भांडून ते बंद केलं म्हणून आज तुम्ही 'निवृत्त' म्हणवून घेऊ शकता, नाहीतर 'काढलेले पंख' झाला असतात.

जुना_पर्सर:
ताई, अभिनंदन आणि सहानुभूती दोन्ही. पण इतिहास धड लिहा. १९८१चा एअर इंडियातला नर्गेश मिर्झा खटला बाईच्या नावाने आहे, युनियनच्या नाही. आणि सुप्रीम कोर्टाने सगळं उडवलं नव्हतं. पहिल्या गरोदरपणाला नोकरी जाण्याची अट रद्द केली, निवृत्तीच्या वयानंतरची मुदतवाढ साहेबाच्या मर्जीवर होती ती अट रद्द केली. पस्तिसाव्या वर्षी निवृत्ती आणि पहिल्या चार वर्षांत लग्नबंदी, दोन्ही कायम ठेवलं. आम्ही पुरुष मंडळी तेव्हा ५८ पर्यंत.

पुढचं तर तुम्हाला कुणी सांगितलेलंच दिसत नाही. बायकांना पन्नासला उड्डाणातून उतरवायचं की नाही यावर २००३मध्ये निकाल लागला, तेव्हा एअर इंडियाची केबिन क्रू असोसिएशन, म्हणजे युनियनच, बायकांच्या समोरच्या बाजूला उभी होती. इनफ्लाइट सुपरवायझर, म्हणजे विमानातल्या क्रूची प्रमुख, बाईला होता येईल का, हा वाद २०११पर्यंत चालला, तिथेही तेच. बायका त्यांच्या त्यांच्या लढल्या. आम्ही विरोधात होतो कारण आमची सिनिऑरिटी खाली जाणार होती. हे मी अभिमानाने सांगत नाहीये.

ट्रॉलीवाली:
बरं. चुकले. मग तर बाईच अध्यक्ष हवी, हे तुम्हीच सिद्ध केलंत की.

जुना_पर्सर:
मी काहीही सिद्ध केलेलं नाही. वाक्य दुरुस्त केलं.

निवृत्त पंख:
माझं नाव घेऊन एवढा निबंध! बावीस वर्षं उडले. हज चार्टर केलेत, दिवाळीच्या रात्री मस्कतला काढल्यात. आमच्या वेळच्या नेत्याने आमच्या वतीने करारावर सही केली आणि सहा महिन्यांत त्याला ट्रेनिंग विभागात टेबल मिळालं. आम्ही मात्र स्टँडबायला, म्हणजे राखीव ड्युटीला, फोनजवळ, आंघोळीलासुद्धा बादलीशेजारी फोन. तेव्हापासून ज्या ज्या कोणी 'मी तुमच्यासाठी' म्हणत पुढे आल्या, त्या दोन वर्षांत जमिनीवर. तुम्हीही लिहून ठेवा तारीख.

ट्रॉलीवाली:
ठेवली. तुम्ही तेव्हा वर्गणी भरत होतात का, हेही एकदा लिहा. जुनी पुस्तकं माझ्याकडे आहेत म्हणून विचारते.

निवृत्त पंख:
ही धमकी आहे का?

मनुष्यबळ:
दोघी जरा थांबा. मी या क्षेत्रात एचआरमध्ये आहे, आता शिव्या घाला. युनियन असायला माझी हरकत नाही, मला उलट बरं पडतं. शंभर जणींशी बोलण्यापेक्षा एकीशी बोलावं. पण मे २०२४ आठवा. एअर इंडिया एक्स्प्रेसच्या क्रूने एकदम सिक रिपोर्ट केला, पंचवीस जणांना काढलं, दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांपुढे बसून परत घेतलं. तेव्हा जमलं. नोव्हेंबर २०२५पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. निम्मे किंवा जास्त लोक ठरवून एकदम किरकोळ रजेवर गेले तर तो संपच धरतात, आणि संपाला १४ दिवसांची नोटीस लागते. ताईंनी हे वाचलंय का? आणि कृपा करून बाहेरचा नेता आणू नका. तो आला की बोलणी संपतात, भाषणं सुरू होतात. या शहराने ते एकदा पाहिलंय.

गिरणगावकर:
"या शहराने पाहिलंय" म्हणजे काय, नाव घ्या ना. डॉक्टर दत्ता सामंत, गिरणी संप. माझे वडील लालबागला गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ला बाहेर पडले ते परत आत गेलेच नाहीत. मी सात वर्षांचा होतो. आई सातरस्त्याला पापड लाटायला जायची. आणि तरीही सांगतो, वडील शेवटपर्यंत डॉक्टरांना वाईट बोलले नाहीत. बाहेरचा नेता लोकांनी बोलावून आणला होता, कारण १९४६च्या कायद्याने मान्यता एकाच संघटनेला, आणि ती संघटना कामगारांची उरली नव्हती.

मनुष्यबळ:
अडीच लाख माणसं देशोधडीला लागली, साहेब. संप आजतागायत मागे घेतलेला नाही, एवढंच त्यातलं यश.

गिरणगावकर:
देशोधडीला संपाने लावलं की जमिनीच्या भावाने, हे लोअर परळला जाऊन वर बघत विचारा. मान दुखेल.

सांताक्रूझ_पूर्व:
आला गिरणी संप. या मुंबईत पाणीपट्टीवर चर्चा सुरू केली तरी तिसऱ्या प्रतिसादाला गिरणी संप येतो. तिकडे त्या पोरीच्या थर्मामीटरचं काय झालं?

गिरणगावकर:
ज्याच्या घरची चूल विझली नाही त्याने हसावं.

सांताक्रूझ_पूर्व:
माझे आजोबा गिरणीतच होते. फरक एवढाच की ते संपाविरुद्ध होते आणि चाळीत आमच्या दारावर शेण फासलं होतं. ते पण लिहू का?

गिरणगावकर:
...लिहा. तेही झालंय. माझ्या वडिलांनी फासलं नसेल एवढीच आशा.

जुना_पर्सर:
बाहेरच्या नेत्याबद्दल कायदा सोपा आहे. पदाधिकाऱ्यांत बाहेरचे एक तृतीयांश किंवा पाच, जे कमी असेल ते. त्यामुळे हा बागुलबुवा पुरे. आणि प्रत्यक्षात सांगतो, ऑक्टोबर २००८मध्ये जेट एअरवेजने काढलेली मुलं युनिफॉर्मवर रस्त्यावर आली तेव्हा ती युनियन ऑफिसात गेली नाहीत, राज ठाकरेंकडे गेली. दुसऱ्या दिवशी रात्री कंपनीने परत घेतलं. एप्रिल २०१९मध्ये जेटची विमानंच जमिनीवर बसली तेव्हा मात्र ना पक्ष उपयोगी पडला ना युनियन.

ट्रॉलीवाली:
मनुष्यबळ, संहिता वाचली आहे. छापून घेतली, माहिमच्या झेरॉक्सवाल्याने स्पायरल करून दिली, लेओव्हरला, परगावच्या मुक्कामात, वाचते. युनियन एकाहून जास्त असतील तर एकटीने वाटाघाट करायला ५१ टक्के लागतात हेही वाचलंय. माझ्याकडे किती आहेत ते सांगणार नाही, तुम्ही एचआर आहात.

मनुष्यबळ:
अकरा. वड्यांवरून कळलं.

स्टँडबाय:
मी बहुतेक या धाग्यावरची सगळ्यात लहान. ताई, राग मानू नका, पण तुम्ही परमनंट आहात. आम्ही कॉन्ट्रॅक्टवर. आमच्या बॅचमध्ये बेचाळीस जणी आहेत, एकीचंही नाव तुमच्या पुस्तकात नसणार, कारण रिन्युअलच्या वेळी कोण बघतं आणि काय बघतं ते आम्हाला कुणी सांगत नाही. तुम्हाला काढायचं तर चौकशी, पत्र, उत्तर. आम्हाला काढायला काहीच करावं लागत नाही, फक्त रिन्यू करायचं नाही. तुम्ही भांडता ते रिटायरमेंट, पास, सिनिऑरिटी. आम्हाला उतरल्यावर पुढच्या पिकअपपर्यंत झोप हवी आहे. तुमच्या मागण्यांच्या यादीत आम्ही खालून वर कधी येणार?

निवृत्त पंख:
हे बघा. पोरगी बोलली ते मी बावीस वर्षांपासून सांगतेय.

ट्रॉलीवाली:
नाही, तुम्ही ते सांगत नव्हतात. तुम्ही म्हणत होतात मी कामचुकार आहे. ती म्हणतेय मी तिची नाही. तिच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नाही. मागणीपत्रात नऊ मागण्या आहेत, आत्ता काढून पाहिलं. कॉन्ट्रॅक्टचा शब्द आठव्या कलमात, तोही "इत्यादी"च्या आधी. मसुदा मी लिहिलेला नाही, पण सही माझी आहे.

स्टँडबाय:
ताप असलेली मुलगी कॉन्ट्रॅक्टवरची होती का?

ट्रॉलीवाली:
हो.

स्टँडबाय:
मग ती सभासद नसणार. तिच्या पत्राचं तुम्ही काय केलंत?

ट्रॉलीवाली:
सभासद नसल्यामुळे युनियनच्या लेटरहेडवर लिहिता आलं नाही. तिला उत्तर लिहून दिलं, तिने स्वतःच्या नावाने पाठवलं. अजून काही आलेलं नाही. रिन्युअल जूनमध्ये.

जुना_पर्सर:
पुढच्या सभेला मी येतो. मतदानाचा हक्क नाही, पण खुर्च्या मांडता येतात. वडे वीसच सांगा.

गिरणगावकर:
हॉल पार्ल्याचा नको, परळचा बघा. भाडं कमी आहे.

सांताक्रूझ_पूर्व:
परळ!! एअरपोर्टवरून! साहेब, तुम्ही खरंच संपच घडवणार.

स्टँडबाय:
नाव न लिहिता वर्गणी देता येते का?

ट्रॉलीवाली:
नाही गं. पावतीवर नाव लागतं.