हाडांत पसरलेला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर : आईसाठी सल्ला हवाय (पुणे)

धायरीकर :
नमस्कार मंडळी. आई ६३ वर्षांची. वर्षभर जुलाब आणि मधूनच चेहरा लालबुंद व्हायचा, आम्ही पित्त पित्त म्हणत दिवस काढले. मग कंबर धरली, पोळ्या लाटताना ओट्याला टेकून उभी राहायला लागली तेव्हा कुठे स्कॅन झाला. लहान आतड्यात न्यूरोएंडोक्राइन (हार्मोन सोडणाऱ्या पेशींची) गाठ, लिव्हरमध्ये डाग आणि आता मणक्यात नि खुब्यातपण. बायोप्सीत ग्रेड २, केआय-६७ (वाढत असलेल्या पेशींचं प्रमाण) ६ टक्के. डॉक्टर पाच मिनिटांत 'हाडात गेलंय, इंजेक्शन सुरू करू' एवढंच म्हणाले. बाबा तेव्हापासून गप्प आहेत, डोक्यात इरफान खानच घेऊन बसलेत, तो याच आजाराने गेला ना. हा बोन कॅन्सर झाला का? पुण्यातच थांबू की मुंबई गाठू? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज लिहा.

अबोली :
आधी बाबांना सांगा, माझ्या सासऱ्यांना हेच आहे, पॅनक्रियाजमधून हाडांत, २०१९ पासून, आणि आज सकाळी ते पर्वतीच्या पायथ्यापर्यंत चालून आलेत. हा बोन कॅन्सर नाही, आतड्यातल्याच पेशी हाडात जाऊन बसल्यात, म्हणून मुख्य औषधंही त्या गाठीचीच. चौथी स्टेज आहे आणि पूर्ण बरं होणं अवघड, हे मी लपवत नाही. पण स्टेज वेगळी, ग्रेड वेगळी. ग्रेड म्हणजे पेशी किती वेगाने वाढतायत ते, ३ ते २० टक्के ग्रेड २ आणि आईचे ६ म्हणजे त्यातही खालच्या बाजूला. इरफानच्या आजारावरून आईचं गणित मांडू नका हो.

गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन झालाय का? नसेल तर आधी तेच विचारा. नेहमीच्या एफडीजी (किरणोत्सारी साखरेच्या) पेट स्कॅनमध्ये हळू वाढणाऱ्या गाठी बरेचदा नीट दिसत नाहीत. डोटाटेट पेशींवरच्या रिसेप्टरला चिकटतं, हाडातले बारके डागपण सापडतात आणि पुढे ल्युटेशियमची ट्रीटमेंट चालेल का तेही त्यावरूनच ठरतं. पुण्यात होतो, फक्त वेळेआधी पोचा, गॅलियम ६८ मिनिटांत निम्मं होतं, सिंहगड रोडचं ट्रॅफिक धरून निघा.

धायरीकर :
एफडीजीच झालाय :( ल्युटेशियम म्हणजे किमो का?

अबोली :
नाही. रिसेप्टरला चिकटणारं औषध किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ घेऊन गाठीपर्यंत जातं. साधारण ८ आठवड्यांनी एक असे ४ डोस, सोबत किडनी जपायला अमिनो ॲसिडचं सलाइन. हाडांत आजार असला की दर वेळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) बघतात कारण रक्त तयार होतं ते हाडांतल्या मज्जेतच. घरी आल्यावर काही दिवस नातवंडं लांब, फ्लश दोनदा. आम्ही नातीला मामाकडे ठेवलं होतं, आजोबा रोज रात्री व्हिडिओ कॉलवर गोष्ट सांगायचे. आईंना बहुतेक आधी महिन्याचं ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचं इंजेक्शनच देतील, त्याने जुलाबही आटोक्यात येतात.

रातराणी :
हाडांच्या मजबुतीसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब ही औषधं सुचवतील. त्याआधी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन या, कृपया टाळू नका. आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही, भावाची दाढ मध्येच काढावी लागली आणि जबड्याची जखम कित्येक महिने भरली नाही. कॅल्शियम, डी व्हिटॅमिन आणि क्रिएटिनिनपण (किडनीसाठी) तपासून घ्या. दुखणं एकाच जागी असेल तर तिथे रेडिएशन देतात, भावाला एकाच सिटिंगमध्ये दिलं, दोन-तीन आठवड्यांनी तो कुशीवर झोपायला लागला.

मुंबईचं म्हणाल तर आईंना शिवनेरीत बसवायची घाई नको, कंबर मोडेल. टाटा हॉस्पिटलचं मत 'नव्या' या ऑनलाइन सेवेवर रिपोर्ट पाठवून घेता येतं, मग ठरवा.

आणि हे बाबांनापण सांगून ठेवा : पायात जोर कमी वाटला, मुंग्या किंवा बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत झाली तर सकाळची वाट बघू नका. मणक्यातली गाठ मज्जारज्जू दाबत असू शकते, तेव्हा तास मोजायचे असतात.

धायरीकर :
रातराणीताई, आई परवापासून डाव्या पायाला मुंग्या येतात म्हणतेय, मला वाटलं एका जागी बसून बसून. आत्ताच हॉस्पिटलला फोन लावला, तातडीने आणा, एमआरआय करू म्हणाले. बाबा फाइल पिशवीत भरतायत. निघतो.