मदत हवी आहे : बगॅसच्या कोळशाने टॉवेलच्या रंगाचं पाणी साफ होईना

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एम.टेक. करतोय, पर्यावरण अभियांत्रिकी. साखर कारखान्यातला बगॅस (रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा) ५०० अंश सेल्सिअसवर हवा न लागू देता भाजून कोळसा केला. कल्पना अशी, की चादर-टॉवेलच्या रंगाईचं सांडपाणी त्यातून गाळायचं. प्रयोगशाळेत मिथिलिन ब्लू (चाचणीसाठी वापरतात तो निळा रंग) घातलेलं पाणी तासाभरात जवळपास नितळ! अक्कलकोट रोडवरच्या रंगाई कारखान्यातून आणलेल्या खऱ्या पाण्याचा लाल रंग मात्र ढिम्म हलत नाही.

कारण कळलंय. मिथिलिन ब्लूवर धन भार असतो, सुतासाठीच्या रिॲक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या) रंगांवर ऋण. कोळशाचा पृष्ठभागही ऋणच, म्हणजे दोघे एकमेकांना ढकलणार. त्यात रंगाईत घातलेला सोडा आणि मीठही त्या पाण्यात. आम्ल घालून सामू (pH) ३ वर आणला की रंग उतरतो, पण रोज एवढं आम्ल कोणता कारखानदार घालेल?

कोळशावर धन भार यावा म्हणून बगॅस भाजण्याआधी फेरिक क्लोराइडमध्ये (लोहाचा क्षार) भिजवून कुणी पाहिलंय का? नंतर लोह पाण्यात सुटतं का? प्रमाण काय घेतलंत?

आणखी एक. गडद रंगाचे दोन-तीन नमुने हवेत. एका मालकांनी बाटली बघूनच ‘बोर्डाकडून आला काय ओ?’ (म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून) म्हणून हाकललं. ओळखीचं डाईंग असेल तर शब्द टाका, नाव कुठेही छापणार नाही.