पिगमेंटरी ग्लॉकोमा: थेंब की लेझर?

रानवारा: वय 31, नंबर उणे 6. डॉक्टर पिगमेंटरी ग्लॉकोमा म्हणतात: सुटलेलं रंगद्रव्य निचऱ्यात अडकून डोळ्यातला दाब वाढतो, नस खराब होते. डोळ्यातला दाब उजवीकडे 27, डावीकडे 25. बुबुळ आणि कॉर्निया (पुढची पारदर्शक काच) यांच्यामधल्या कोनात गडद रंगद्रव्य, कॉर्नियाच्या आतून उभी तपकिरी रेघ. डॉक्टरांनी लॅटॅनोप्रोस्ट (दाब कमी करणारे थेंब) आणि लेझर दोन्ही सुचवलंय. महिन्याला 600 रुपयांत काय बसेल? पळणं सोडायचं नाहीये.

चष्मेबहाद्दर: एसएलटी, म्हणजे निचऱ्याच्या जाळीवरचं लेझर, करून टाका. रोजच्या थेंबांची कटकट नको.

पारिजातक: अहो, 600 म्हणालेत ते! शिवाय अशा डोळ्यात लेझर जपून. पाणी निचरणारी जाळी रंगद्रव्याने काळी झालेली असते, ती ऊर्जा जास्त शोषते आणि दाब उसळतो. ऊर्जा कमी ठेवायला सांगा, तासाभराने दाब मोजल्याशिवाय निघू नका.

निळावंती: डोळ्याची नस तपासली का? नस आणि फील्ड (नजरेचा आवाका) शाबूत असेल तर हा अजून ग्लॉकोमा नव्हे, पिगमेंट डिस्पर्शन, म्हणजे नुसतं रंगद्रव्य सुटणं. ओसीटी (नसेच्या थरांचं स्कॅन), फील्ड, पॅकीमेट्री (कॉर्नियाची जाडी) करा. मोठ्या मायनस नंबरात ओसीटी उगाच लाल, म्हणजे बिघाड, दाखवते, म्हणून पहिला रिपोर्ट जपा. पुढची तुलना त्याच्याशीच.

चष्मेबहाद्दर: मग बुबुळाच्या पडद्याला लेझरने भोक पाडा, मूळच खुंटेल.

निळावंती: पडदा मागे खचून भिंगाच्या दोऱ्यांवर घासत असेल तरच त्याला अर्थ. पडदा सपाट होतो, पण पुढचा ग्लॉकोमा टळतो हे सिद्ध नाही.

दत्तू_कोल्हापूर: लॅटॅनोप्रोस्टच घ्या, रात्री एक थेंब. टिमोलॉल हे दुसरे थेंब स्वस्त, पण दमा असेल तर अजिबात नको. खालची पापणी ओढून थेंब टाका, डोळा मिटा, नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरा. नाहीतर औषध घशात उतरतं. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढा, पंधरा मिनिटांनी घाला. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, चार आठवड्यांनी ती फेका.

पारिजातक: आणि पळणं बंद. हादऱ्यांनी रंगद्रव्य सुटतं.

दत्तू_कोल्हापूर: पळण्याआधी पिलोकार्पिनचा थेंब चालतो की! बाहुली आवळते, घासणं थांबतं.

निळावंती: उणे 6 ला? आधी बाहुली मोठी करून रेटिनाच्या (डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या) कडा तपासून घ्या, पिलोकार्पिनने रेटिना सुटायची भीती असते. पळल्यावर धूसर दिसतं का, दिव्याभोवती कडी दिसतात का? शीर्षासन मात्र सोडाच.

चष्मेबहाद्दर: मी पुन्हा सांगतो, एसएलटी.

रानवारा: कडी दिसत नाहीत. लॅटॅनोप्रोस्ट आज रात्रीपासून, लेझर आत्ता नाही. पळणं चालू ठेवतोय. शनिवारी दवाखान्याशेजारच्या मैदानावर 5 किलोमीटर पळून, आधी आणि अर्ध्या तासाने दाब मोजून घेणार. आकडे इथेच टाकतो.