सल्ला हवा : ‘स्मृतिचित्रे’नंतर कोणतं आत्मचरित्र वाचावं?

काजवा :
मंडळी, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचून झालं आणि आता दुसऱ्या कशात मन लागेना. त्यांचे पती ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तिथून १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेईपर्यंतचा भाग मी दोनदा वाचला. एवढं सोसूनही लिहिण्यात कुठे कडवटपणा नाही. असं आणखी काय आहे? ‘मी कसा घडलो’ छापाची पुस्तकं नकोत. घरातलं, पैशाच्या ओढाताणीचं खरं सांगणारी हवीत. आम्ही भिशीतल्या मैत्रिणी मिळून वाचणार आहोत, म्हणून खंडच्या खंड नकोत. चरित्रंही चालतील.

वेणुग्राम :
आधी एक विचारतो, पूर्ण आवृत्ती वाचलीत ना? संक्षिप्त वाचली असेल तर पूर्ण मिळवा, पुष्कळ काही निसटलेलं असतं.

मिळून वाचणार असाल तर जोडीने वाचा. म्हणजे एकच आयुष्य दोघांनी सांगितलेलं. धोंडो केशव कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ १९१५चं. त्यात १८९३ साली विधवेशी केलेला पुनर्विवाह, त्यांच्या मुरुड गावाने घातलेला बहिष्कार, हिंगण्याची स्त्रियांसाठीची संस्था, सगळं शांतपणे, हिशेबाच्या वहीसारखं मांडलेलं आहे. ते मिटलं की लगेच आनंदीबाई कर्व्यांचं ‘माझे पुराण’ उघडा. नवऱ्याने मिळकत संस्थेला वाहिल्यावर चूल कशी पेटत होती, हे तिथे कळतं. बाई फटकळ आहेत, प्रेमळ आहेत आणि अण्णांबद्दल (म्हणजे कर्व्यांबद्दल) आदर असूनही बोलायचं ते बोलून मोकळ्या होतात. दोन्ही वाचल्यावर कर्वे माझ्या लेखी लहान झाले नाहीत, पण त्यांच्या कामात बायांचा (घरी आनंदीबाईंना बायाच म्हणत) वाटा केवढा होता ते मात्र पक्कं कळलं.

दुसरी जोडी दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) आणि बेबीताई कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ (१९८६). दया पवार स्वतःलाच समोर बसवून बोलतात. शिकलेला दया आणि मुंबईतल्या कावाखान्याच्या वस्तीत वाढलेला दगडू (त्यांचंच मूळ नाव), अशी ती उलटतपासणी आहे. बेबीताईंच्या पुस्तकात ‘मी’ फारसा येतच नाही, सगळं ‘आम्ही’. महारवाड्यातल्या बायकांची उपासमार, बाळंतपणं, आणि जातीच्या जाचाखाली दबलेल्या घरातही पुरुषाने सुनेवर उगारलेला हात. फलटणच्या आपल्या दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून त्यांनी हे लिहिलं आणि वर्षानुवर्षं दडवून ठेवलं. मराठीतल्या सगळ्या आत्मचरित्रांत माझ्या मते याला तोड नाही.

रानभूल :
‘बलुतं’ला +१. ‘झोंबी’ही घ्या. आनंद यादवांनी कागलच्या मळ्यात राबत शाळेसाठी बापाशी जो झगडा केला, तो वाचताना घशात आवंढा येतो.

मांडवीतीर :
आमच्या गोव्याचे धर्मानंद कोसंबी कसे कुणाला आठवले नाहीत? ‘निवेदन’ वाचाच. साखवाळसारख्या गावात नारळी-बागायत सांभाळणारा, धड शाळा न झालेला माणूस बुद्धाबद्दल थोडंसं वाचतो आणि १८९९ मध्ये घरदार सोडून निघतो. पुणे, काशी, नेपाळ, गया आणि मग सिंहल, म्हणजे श्रीलंका. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. पुढे हार्वर्डला जाऊन पाली भाषेतल्या बौद्ध ग्रंथांचं काम केलं. मला यातलं सगळ्यात भिडलं ते त्यांचं स्वतःच्या उदास मनाबद्दल लिहिणं. संसारात जीव रमत नव्हता, हे ते न सजवता सांगतात. मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी बाळाबाईंचं काय झालं असेल, हा प्रश्न वाचताना सोबत राहतोच. वेणुग्राम म्हणतात तशी याची जोडी असती तर फार बरं झालं असतं.

काजवा :
‘माझे पुराण’ नक्की! चरित्रांतलं कुणी सांगेल का?

अबोली :
अंजली कीर्तने यांचं ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’. आनंदीबाई म्हटलं की आपल्याला नवऱ्याचा, गोपाळरावांचा हेकटपणा आणि पहिली डॉक्टर एवढंच आठवतं. इथे पत्रं आणि कागदपत्रं धुंडाळून ती मुलगी उभी केली आहे. १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात मृत्यू, बावीस वर्षंही पुरी नव्हती. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं चरित्र मिळालं तर तेही शेजारी ठेवा. त्याच काळातल्या बाईने त्याच काळातल्या बाईबद्दल लिहिलेलं आहे, ते वेगळंच बोलतं. ‘एक होता कार्व्हर’ बहुतेक जणींनी वाचलेलं असेल म्हणून सांगत नाही.

काजवा :
ठरलं. पहिल्या भिशीला कर्वे पतिपत्नी, नंतर ‘बलुतं’ आणि ‘जिणं आमुचं’. आमच्यात दोघींना बारीक टाइप वाचवत नाही, त्याचं काय करावं?

वेणुग्राम :
मग ‘जिणं आमुचं’ एकीने मोठ्याने वाचावं. बोलीतलं आहे, कानावर पडायलाच हवं. एका बैठकीत दोन-तीन प्रकरणांच्या पुढे जाऊ नका. मध्ये थांबून बोलावंसं वाटेल, तेव्हा बोला.