पत्र्याच्या घरात चूल आणि धुराडं बसवायचंय, सल्ला हवा

औसा_वाट
नमस्कार मंडळी. लातूरजवळ गावातलं घर आहे. वर पत्रे, खाली लाकडी वासे. स्वयंपाकघर १० बाय १२, एक दार, एक खिडकी, आणि गॅसही त्याच खोलीत. आईला ज्वारीची भाकरी चुलीवरच करायची आहे, पण धुरानं डोळ्यांना त्रास होतो. जळण म्हणजे तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पळाट्या, थोडी बाभूळ. मागच्या बाजूला १० फुटांवर कडब्याची गंजी आहे. मजुरीसकट बजेट ५ हजार. मातीची चूल करावी की लोखंडी घ्यावी? पाइप कोणता, किती उंच, आणि पत्र्यातून कसा काढायचा?

जालना_वेल्डर
लोखंडीच घ्या. ५ मिमीची प्लेट, आत १० मिमीच्या सळयांची जाळी, सळयांमध्ये बोटभर फट. जाळीखाली ३ इंच मोकळं ठेवा. हवा तिथूनच येते, राख साचली की आग गुदमरते आणि धूर तोंडातून बाहेर पडतो. धुराडं दुहेरी भिंतीचं स्टेनलेसचं करा. ५ हजारात बसणार नाही, पण पुन्हा हात लावायचं काम नाही.

एकेरी पाइपच करणार असाल तर चुलीलगतचे ३ फूट काळ्या लोखंडाचे, २ मिमी जाडीचे हवेत. तिथं जीआय (जस्त चढवलेला) पाइप नको. जस्ताचा मुलामा फार तापला की त्याची वाफ निघते, ती छातीला वाईट. त्याच्या वर जीआय चालतो.

मांजरा_काठ
त्यांचं बजेट ५ हजार आहे, वाचलं का? असो. पाइप ४ इंची घ्या. १९८०च्या दशकात सरकारी योजनेतल्या सुधारित चुलींना बारीक सिमेंटचे पाइप असायचे. पळाट्यांच्या काजळीनं ते लवकर तुंबतात. तसला जुना पाइप घरात पडला असेल तर वापरू नका आणि कापू तर मुळीच नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात बसते.

धारूर_घाट
४ नाही, ६ इंची टाका. मोठा पाइप, जास्त ओढ. आमच्याकडे ६ इंचीच आहे.

मांजरा_काठ
दोन भांड्यांच्या घरगुती चुलीला ६ इंच जास्त होतात. धूर त्यात संथ चढतो, वर जाईपर्यंत थंड होतो आणि आतून डांबरासारखा थर धरतो. पुढं तो थरच पेट घेतो. ओढ रुंदीपेक्षा उंचीनं आणि गरमीनं येते. हॉटेलच्या भट्टीला ६ इंची ठीक.

धारूर_घाट
आमच्याकडे कधी धूर उलटा आला नाही. मी ६ इंचीच सांगेन.

केज_स्वयंपाकघर
ताई-दादांनो, रॉकेट चूल (अरुंद तोंडाची, उभ्या नळीत जाळ होणारी) घ्या. जळण कमी, धूर कमी, उभ्यानं स्वयंपाक. आमच्या गल्लीत सगळ्यांनी घेतली. दोन बारीक काड्यांवर कुकर होतो.

गंगाखेड_जुनं_घर
केजच्या ताई, कुकर होईल, भाकरीचं काय? भाकरी तव्यावर पापुद्रा धरेपर्यंतच असते. मग तवा सरकवून चुलीच्या तोंडाशी इंगळापुढं उभी करावी लागते, तेव्हा ती फुगते. रॉकेट चुलीचं तोंड अरुंद, इंगळ बाहेर ओढायला जागाच नाही. दूध, डाळ, आंघोळीचं पाणी यांना ती उत्तम.

केज_स्वयंपाकघर
तव्यावर फडक्यानं दाबून फुगते की. पण ओट्यावर उभ्यानंच करा, आईंची कंबर वाचेल.

जालना_वेल्डर
उभ्यानंच. ओटा अडीच फूट.

परभणी_सर्व्हिस
इथं सगळे पाइपात अडकलेत आणि मुख्य गोष्ट कुणी बोललंच नाही. गॅस आणि चूल एका खोलीत नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर जमिनीलगत पसरतो, आणि तुमचा जाळ नेमका जमिनीवर. जळत्या चुलीच्या खोलीत गळती झाली तर वास येऊन उठेपर्यंतही वेळ मिळत नाही. एक तर चूल बाहेर पडवीत न्या, नाही तर सिलिंडर भिंतीपलीकडे. गळती वाटली तर रेग्युलेटर बंद, दार-खिडक्या उघड्या, विजेचं बटण दाबायचं नाही, बाहेर जाऊन १९०६ ला फोन.

धारूर_घाट
खिडकीत एक्झॉस्ट फॅन लावा, धुराचा प्रश्नच मिटतो.

परभणी_सर्व्हिस
धुराडं असलेल्या खोलीत एक्झॉस्ट नको. दार लावलेलं असलं की फॅन खोलीतली हवा ओढतो आणि ती भरून काढायला धुराड्यातूनच हवा खाली येते, धुरासकट. त्यात कार्बन मोनॉक्साइडही येतो. त्याला ना रंग ना वास. डोकं जड होणं, मळमळ, गुंगी, ही त्याची लक्षणं. घरात एकाच वेळी दोघा-तिघांना असं झालं तर लगेच उघड्यावर या. थंडीत निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपतात, त्यातही हाच धोका.

हिंगोली_गवंडी
आता मातीचं ऐका, मायबाप. काळी माती वापरू नका. ती ओली असली की फुगते, वाळली की भेगाळते. चुलीला भेग म्हणजे तिथून धूर. पांढरी माती किंवा वारुळाची माती घ्या. तीन पाट्या माती, एक पाटी बारीक भुसकट, अर्धी पाटी शेण. दोन दिवस भिजत घालून पायानं तुडवा. विटा त्याच चिखलात बांधा. जाळाच्या आत सिमेंट कामून लावता? तापून पोपडे उडतात. सिमेंट फक्त बाहेरून, ओट्याला.

पहिलं भोक रोजच्या तव्याच्या मापाचं करा. बसून चारी बाजूंनी टेकला पाहिजे. फट राहिली तर धुराडं कितीही चांगलं असू द्या, धूर तिथूनच वर येतो. मागं वैल, म्हणजे दुसऱ्या भांड्याचं भोक, आणि वैलाच्या मागून पाइप. आठ-दहा दिवस सावलीत वाळवा. मग दोन-तीन दिवस नुसत्या काड्यांचा बारीक जाळ. एकदम बाभळीचं लाकूड घातलं की आतलं पाणी वाफ होऊन माती फाडतं.

गोदाकाठ_नांदेड
पत्र्याचं काम: भोक आढ्याजवळ घ्या, म्हणजे वरून वाहून येणारं पाणी कमी. एकेरी पाइप आणि लाकडी वासा यांत दीड फूट अंतर पाहिजे. ते मिळत नसेल तर जागा बदला. वाशाला नुसता पत्रा ठोकून भागत नाही, पत्रा तापला की लाकूडही तापतं. पत्रा लावलाच तर मागं इंचभर हवा खेळती ठेवा.

भोक पाइपापेक्षा दोन इंच मोठं. वर चौकोनी पत्रा, त्याची वरची कड वरच्या पत्र्याखाली सरकवा, नाही तर पहिल्याच पावसात गळेल. पाइपाला घट्ट क्लॅम्प लावून त्यावर उलट्या वाटीसारखी छत्री. एम-सील तिथं टिकत नाही.

उंची: छतातून निघतं तिथून किमान ३ फूट, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा २ फूट वर. वरचा पाइप खालच्यात घाला, म्हणजे काजळीचं पाणी आतूनच खाली जातं. पाइप सरळ ठेवा. वळण द्यावंच लागलं तर ४५ अंशांची दोन द्या, काटकोन नको. तळाशी झाकणाचा टी (टी आकाराचा जोड) ठेवा, झाडायला. वळवाच्या वादळासाठी तीन बाजूंनी तारेचे ताण.

धारूर_घाट
मीही तेच म्हणणार होतो, पाइप सरळ ठेवा.

गंगाखेड_जुनं_घर
कडब्याचं राहिलं. तुराट्या, पळाट्या हलक्या असतात, पेटता तुकडा धुराड्यातून उडतो. टोपीखाली अर्ध्या इंचाची जाळी लावा आणि महिन्यातून एकदा झटका, ती काजळीनं बुजते. तरी १० फूट कमीच. गंजी हलवा. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत दोन दिवस ठेवा, मगच उकिरड्यावर. राखेत दडलेला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो.

औसा_वाट
सगळ्यांचे आभार. आईशी बोललो. लोखंडी नाही, रॉकेट नाही, उभा ओटाही नाही. आई खाली बसूनच काठवटीत थापते, तिला तेच हवंय. चूल मागच्या पडवीत, एक बाजू उघडी. गॅस आत राहील. हिंगोलीच्या भाऊंच्या मिश्रणानं दोन भांड्यांची मातीची चूल, ४ इंची पाइप, खाली ३ फूट काळा, वर जीआय. आढ्याजवळ नाही जमणार, पडवीचा पत्रा खालच्या अंगाला आहे. पण तिथले वासे पाइपाच्या जागेपासून दोन फूट लांब आहेत. गंजी या आठवड्यात शेताकडे हलवतो.

जालना_वेल्डर
वर्षभरात माती लिंपून दमाल, बघा. प्लेट लागली तर सांगा.

गोदाकाठ_नांदेड
पडवी उताराला असेल तर घराचं आढं जवळ पडणार. ते १० फुटांच्या आत असेल तर पाइप आढ्याच्याही २ फूट वर न्यावा लागेल. नाही तर वारा आढ्यावरून उतरून धूर खाली दाबतो. पाइप विकत घेण्याआधी टेप लावून मोजा.

औसा_वाट
मोजलं. आढं साडेसात फुटांवर आहे. म्हणजे एक ४ फुटी तुकडा जास्त आणि ताणही. बजेट थोडं वर जाईल, पण तसंच करतो. लातूरमध्ये ४ इंची टी आणि टोपी तयार कुठं मिळते, की बनवूनच घ्यावी लागते?

धारूर_घाट
बनवून घ्या. आणि ६ इंचीच करा.